स्वतःचा चॅट सर्व्हर उभारण्याआधी

मॅट्रिक्स किंवा एक्सएमपीपी (चॅटसाठीचे खुले प्रोटोकॉल) वापरलं की गप्पा एका कंपनीच्या मर्जीवर राहत नाहीत. सर्व्हर तुमचा, आणि ईमेलप्रमाणे दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशीही बोलता येतं. ही ताकद खरी आहे, पण देखभालही तुमच्याच गळ्यात येते.

आधी डोमेन नीट ठरवा. सिनॅप्समध्ये, म्हणजे मॅट्रिक्सच्या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये, सर्व्हरचं नाव नंतर बदलता येत नाही, कारण ते प्रत्येकाच्या आयडीतच असतं. डेटाबेस पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेस ठेवा. एसक्यूलाइट चाचणीपुरता ठीक. इतर सर्व्हर 8448 पोर्टवर येतात. सगळं 443 वरच भागवायचं असेल तर वेल-नोन फाइल लावा, म्हणजे कुठे यायचं ते इतर सर्व्हरना सांगणारी छोटी फाइल. आपसातल्या गप्पा चालतात पण बाहेरचं काही येत नाही, असं झालं तर बहुतेकदा हीच फाइल किंवा सर्टिफिकेट चुकलेलं असतं. हजारो सदस्यांची रूम जॉइन केली की मेमरी आणि डिस्क झपाट्याने खर्ची पडते. मशीन लहान असेल तर सरळ प्रोसोडी हा एक्सएमपीपीचा सर्व्हर घ्या: ॲपसाठी पोर्ट 5222, सर्व्हर-सर्व्हरमध्ये 5269.

एन्क्रिप्शनने मजकूर झाकला जातो. कोण कोणाशी केव्हा बोललं हे सर्व्हरला दिसतंच. पुसलेला मेसेज दुसऱ्या सर्व्हरवरूनही जाईल याची हमी नाही, तिकडे फक्त विनंती पोहोचते.

मॅट्रिक्सवर लोक सर्वांत जास्त अडकतात ते रिकव्हरी की, म्हणजे एन्क्रिप्टेड मेसेज पुन्हा उघडायची किल्ली, हरवल्यावर. खातं उघडताच ती कागदावर उतरवून ठेवा. सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट झालात आणि की नसेल, तर जुने एन्क्रिप्टेड मेसेज ॲडमिनलाही उघडता येत नाहीत.