ताऱ्यांच्या गर्दीआडचे कृष्णविवर शोधताना

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मला मिळालेले काम सांगायला सोपे होते: ज्या दीर्घिकांत तारे विलक्षण वेगाने जन्माला येत आहेत, म्हणजे ज्यांना आपण स्टारबर्स्ट दीर्घिका म्हणतो, त्यांच्या केंद्रात वायू गिळणारे कृष्णविवर दडले आहे का, ते तपासायचे. अडचण अशी की, सक्रिय कृष्णविवराच्या बहुतेक खुणा तरुण ताऱ्यांच्या गर्दीतही सापडतात. तापलेली धूळ, क्ष-किरण, रेडिओ लहरी हे सारे दोन्हींकडून येते. एम८२ या स्टारबर्स्ट दीर्घिकेतल्या एक्स-२ या प्रखर क्ष-किरण स्रोतात कृष्णविवर असावे, असा समज होता. २०१४ मध्ये नूस्टार या क्ष-किरण उपग्रहाच्या निरीक्षणांत तिथे १.३७ सेकंदांची स्पंदने आढळली आणि तो न्यूट्रॉन तारा, म्हणजे मृत ताऱ्याचा अतिदाट गाभा, ठरला.

म्हणून या विषयात येणाऱ्याने प्रतिमांच्या आधी वर्णरेषा, म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशरेषा, शिकाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. चार इलेक्ट्रॉन गमावलेला निऑन तयार व्हायला सुमारे ९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, तर तरुण ताऱ्यांच्या प्रकाशात साधारण ५४ च्या पुढे फारसे काही शिल्लक नसते. म्हणून असा निऑन दिसणे ही कृष्णविवराची खूण मानतात. या निऑनची १४.३२ मायक्रॉनची रेषा अवरक्त असल्यामुळे, दृश्य प्रकाश जिथे अडतो त्या धुळीतूनही ती बरीचशी बाहेर पडते. स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीच्या कमी विभेदनाच्या, म्हणजे जवळजवळच्या रेषा वेगळ्या न दाखवणाऱ्या, एका वर्णपटात मला नेमका तिथेच उंचवटा दिसला आणि पंधरा दिवस मी त्याच आनंदात होते. मार्गदर्शक मॅडमनी शांतपणे विचारले, "१४.३७ वर क्लोरीनची रेषा असते, ती वेगळी केलीस का? आणि २४.३ वरची निऑनची दुसरी रेषा कुठे आहे?" उच्च विभेदनाचा वर्णपट काढून पाहिला, तर तो उंचवटा क्लोरीनचा होता, आणि क्लोरीनच्या त्या रेषेला तरुण तारे पुरेसे असतात.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नरतुरंग तारकासमूहातील एनजीसी ४९४५ ही सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका दृश्य प्रकाशात निव्वळ स्टारबर्स्ट वाटते आणि आयएसओ दुर्बिणीच्या अवरक्त वर्णपटातही कृष्णविवराची खूण उमटली नव्हती. तरीही जपानच्या गिंगा उपग्रहाला तिच्याकडून १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे जोरकस क्ष-किरण मिळाले, कारण इतक्या ऊर्जेचे किरणच कृष्णविवराच्या आड असलेल्या दाट वायूतून आरपार येऊ शकतात. तेव्हा रेषा दिसली नाही एवढ्यावरून 'कृष्णविवर नाही' असे लिहू नये. किती तेजाची रेषा असती तर दिसली असती, ती मर्यादा काढून लिहावी. हे काम कंटाळवाणे असते, पण मला ते शोधाइतकेच मोलाचे वाटते.

सुरुवात याच दीर्घिकेपासून करावी. नूस्टारची तिची निरीक्षणे सर्वांसाठी खुली आहेत. एक्सस्पेक या संगणकप्रणालीत त्या वर्णपटाला जुळणारे प्रारूप आधी स्वतः बसवावे, ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची लोखंडाची रेषा ओळखावी आणि आड येणाऱ्या वायूचे प्रमाण मोजावे. ते दर चौरस सेंटिमीटरमागे १० च्या २४ व्या घाताहूनही जास्त अणू, असे निघायला हवे. तसे निघाले की मगच अनोळखी दीर्घिकेला हात घालावा.