ट्रॉली ओढण्यासाठी जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी निवडताना

कोल्हापूर जिल्ह्यात अशी बरीच घरे आहेत, ज्यांचे राहणे शहरात आणि शेती गगनबावडा, शाहूवाडी किंवा राधानगरीच्या अंगाला आहे. अशा घराला एकाच गाडीकडून दोन कामे करून घ्यायची असतात. सुट्टीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना घेऊन जोतिबाला किंवा घाट उतरून कोकणात जायचे असते आणि रोपलावणीच्या दिवसांत पॉवर टिलर, खताची पोती किंवा वैरण लहान दोनचाकी ट्रॉलीत घालून पाणंदीने शेतापर्यंत न्यायची असते. चारही चाकांना ताकद देणारी नवी गाडी अशा बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर असते, म्हणून जुन्या गाडीचा विचार होतो. तो कोणत्या क्रमाने करावा, हे येथे सांगत आहे.

सुरुवात गाडीपासून करू नये, ट्रॉलीपासून करावी. ऊस पट्ट्यात वजनकाटा शोधावा लागत नाही, त्यामुळे ट्रॉली नेहमीच्या मालासह एकदा काट्यावर घालून तिचे खरे वजन कागदावर घ्यावे. अंदाजाने सांगितलेले वजन जवळपास नेहमी कमी निघते, कारण रिकाम्या ट्रॉलीचे लोखंड कोणी धरत नाही. त्यानंतर ट्रॉली सपाट जागेवर उभी करून तिच्या दांड्याचे टोक, गाडीला ट्रॉली जोडणाऱ्या हूकच्या उंचीला येईल अशा लाकडी ठोकळ्यावर आणि ठोकळा घरातल्या साध्या वजनयंत्रावर टेकवावा. यंत्रावर दिसणारे वजन ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के असावे. ते फार कमी असेल, तर वेगात ट्रॉली मागून डोलू लागते. फार जास्त असेल, तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड कमी होते. माल पुढे-मागे सरकवून हे प्रमाण जुळवता येते.

दांड्याचे हे वजन गाडीच्या भारक्षमतेतून वजा होते, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा, भरलेली ट्रॉली ८०० किलोची आहे. मग दांड्याचे ८० किलो, पाच माणसांचे ३२५ किलो, सामानाचे ५० किलो आणि हूक व त्याच्या आधाराचे २५ किलो, असे ४८० किलो गाडीवर आधीच पडलेले असतात. गाडीचे कमाल भारासहित वजन आणि रिकामे वजन यांतला फरक याहून जास्त असला पाहिजे. हे दोन्ही आकडे नोंदणी प्रमाणपत्रात किंवा गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावेत. आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रॉली ओढण्याची क्षमता दिलेलीच नसते. परदेशात त्याच गाडीला दिलेला मोठा आकडा दाखवून विक्रेता आग्रह करू लागला, तरी तो येथे लागू आहे असे मानू नये, कारण तिथले इंजिन, ब्रेक आणि हूक वेगळे असू शकतात.

माझे ठाम मत असे आहे की, ओढण्याच्या ताकदीपेक्षा थांबण्याची ताकद आधी तपासावी. दहा टक्के चढावर ८०० किलोच्या ट्रॉलीमुळे इंजिनावर साधारण ८० किलोची जादा ओढ येते आणि दोन लिटरच्या पुढचे कोणतेही निरोगी डिझेल इंजिन ती पेलते. उतरताना गोष्ट वेगळी असते. माणसांसह २,४०० किलोची गाडी ट्रॉली जोडताच ३,२०० किलोची होते, म्हणजे त्याच ब्रेकवर एक तृतीयांश भार वाढतो आणि गगनबावड्याहून खाली उतरताना तो प्रत्येक वळणावर जाणवतो. युरोप आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंपुढच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. हाच आकडा आपणही मर्यादा म्हणून धरावा. ट्रॉली त्याहून जड असेल, तर आधी ट्रॉलीला ब्रेक बसवून घ्यावेत आणि मगच गाडी बघायला निघावे.

चारही चाकांची ताकद नेमकी कशासाठी लागते, हेही स्पष्ट असावे. कोरड्या डांबरावर घाट चढायला मागची चाके ओढणारी साधी गाडीही पुरते. फक्त पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मात्र या कामाला कमी पडते, कारण दांड्याच्या वजनाने तिची ओढणारी चाकेच हलकी होतात. टाटाची २०१९ साली आलेली हॅरियर आणि २०२१ साली आलेली नवी सफारी या डिझेल गाड्या दिसायला दणकट असल्या, तरी त्या फक्त पुढच्या चाकांवर चालतात; जुन्या सफारीच्या आठवणीवर विसंबून त्या घेऊ नयेत. फोर व्हील ड्राइव्हचा खरा उपयोग आषाढातल्या पाणंदीत, ओल्या बांधावर आणि चिखलात रुतलेली ट्रॉली बाहेर काढताना होतो. तिथे ‘फोर लो’ हा हळू आणि जोरदार गिअर फार मोलाचा असतो. ट्रॉली मागे घेताना अर्धा क्लच दाबून गाडी धरावी लागते आणि त्यात क्लच प्लेट जळते; लो गिअरमध्ये गाडी क्लच पूर्ण सोडूनही मुंगीच्या पावलाने सरकते.

या कसोट्या लावल्या की बाजारातली यादी आपोआप लहान होते. स्वतंत्र चासीवर (बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली आणि लो गिअर असलेली महिंद्रा स्कॉर्पिओ, म्हणजे २.२ लिटर एमहॉक इंजिनाची फोर व्हील ड्राइव्ह गाडी, मी पहिल्या क्रमांकावर ठेवीन. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि तिची नस ओळखणारा मिस्त्री कुठेही भेटतो. दुसरी टाटा सफारी स्टॉर्म. ही गाडी सुमारे दोन टनांची असल्याने ट्रॉली तिला हलवू शकत नाही, आणि २०१५ नंतरच्या ४०० एनएम टॉर्कच्या (म्हणजे ओढण्याच्या जोराच्या) इंजिनाची गाडी मिळाली तर ओढण्यासाठी या किमतीत तिच्या तोडीची गाडी क्वचितच सापडते. २००९ साली आलेली पहिली फॉर्च्युनर, तीन लिटर इंजिनाची, अजूनही उत्तम आहे; मात्र तिचा टायमिंग बेल्ट कधी बदलला याचे बिल पाहिल्याशिवाय सौदा करू नये. फोर्ड एंडेव्हरचे ३.२ लिटर इंजिन या सर्वांत ताकदवान आहे, पण फोर्डने २०२१ साली भारतात गाड्या बनवणे थांबवण्याची घोषणा केली. मोठा भाग गेला, तर वाट पाहण्याची तयारी असणाऱ्यानेच ती घ्यावी. मित्सुबिशी पजेरो स्पोर्टलाही हेच लागू आहे. टाटा हेक्साच्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीत जागा आणि टॉर्क भरपूर आहे, परंतु लो गिअर नाही. एक्सयूव्ही ५०० आणि डस्टर यांच्या चारचाकी ताकदीच्या गाड्यांना लो गिअर नाही आणि वेगळी चासीही नाही. चारपाचशे किलोंच्या हलक्या ट्रॉलीपुरताच त्यांचा विचार करावा.

स्कॉर्पिओच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. रस्त्यावरच्या बहुसंख्य स्कॉर्पिओ टू व्हील ड्राइव्ह आहेत आणि मागच्या दारावर ‘४डब्ल्यूडी’ अक्षरे चिकटवणे काहीच अवघड नाही. गाडीखाली वाकून पाहावे. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आणि तिथून पुढच्या चाकांकडे जाणारा दुसरा शाफ्ट दिसला, तरच ती खरी फोर व्हील ड्राइव्ह गाडी आहे.

आता आपल्या भागाचा सर्वांत मोठा धोका सांगतो, तो म्हणजे पुरात बुडालेली गाडी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेच्या काठच्या आणि शिरोळ तालुक्यातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या काही धुऊन, पॉलिश करून पुन्हा बाजारात आल्या. मी स्वतः थोरल्या भावासोबत एक गाडी जवळजवळ पक्की केली होती. रंग चकचकीत, सीटकव्हर नवे, इंजिन गार असतानाही एका चावीत सुरू झाले. विसार देण्यापूर्वी भावाने मागच्या सीटचा बेल्ट सहज शेवटपर्यंत ओढला. अखेरच्या हातभर पट्ट्यावर तांबूस गाळाची आडवी रेघ होती आणि तिच्या खालचा भाग कडक झाला होता. विक्रेत्याने ती चहा सांडल्याची खूण असल्याचे सांगितले. आम्ही परत फिरलो.

तेव्हापासून मी प्रत्येक गाडीत सर्व बेल्ट पूर्ण ओढून पाहतो, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजले आहेत का ते बॅटरीच्या उजेडात बघतो, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट थर शोधतो आणि पायाखालचा गालिचा उचलून नाक लावतो. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत आणखी एक जागा खरे बोलते. ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरेन्शियल (पुढच्या व मागच्या चाकांच्या जोडीला ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेट्या) यांचे तेल भरण्याचे नट मिस्त्रीकडून सैल करून घ्यावेत आणि आत बोट घालून तेल पाहावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर आत पाणी गेलेले आहे. सर्व्हिसच्या नोंदींत त्या दोन पुरांनंतरचे काही महिने रिकामे असतील, तर विमा कंपनीकडे मोठा दावा झाला होता का, याची चौकशी करावी.

गाडी चालवून पाहण्यासाठी शहरातली एक फेरी पुरेशी नाही. चार मोठी माणसे बसवून पन्हाळ्याचा चढ चढावा आणि उतरावा. चढताना तापमानाचा काटा मध्यावरच राहिला पाहिजे. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरू नये. सपाट जागी हॅन्डब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच ठीक आहे. ते फिरतच राहिले तर प्लेट संपलेली आहे आणि तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. त्यानंतर मोकळ्या मातीच्या मैदानात फोर हाय (चारही चाकांना ताकद, पण नेहमीचा वेग) आणि मग गाडी थांबवून फोर लो टाकून पाहावे. दिवा स्थिर पेटला पाहिजे. तो लुकलुकत राहिला, तर गिअर बदलणारी मोटार किंवा तिची वायरिंग बिघडली आहे. वर्षानुवर्षे फोर व्हील वापरलीच नसेल, तर हे हमखास घडते. ही चाचणी कोरड्या डांबरावर करू नये, कारण तिथे वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक कुठेच जिरत नाही आणि सारा ताण गिअरवर येतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत, हेही याच कारणासाठी.

मागची आडवी चासी मात्र सावकाश तपासावी. तिथे जुन्या हूकची भोके, नवे वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला, तर गाडीने पूर्वी किती ओढले आहे, हे विचारावे. आपण हूक बसवताना तो बंपरला किंवा पत्र्याला वेल्ड करू देऊ नये. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उत्तम कारागीर आहेत. त्यांच्याकडून चासीच्या दोन्ही उभ्या तुळयांना उच्च प्रतीच्या बोल्टने आवळलेला आधार करून घ्यावा, दांड्याखालून फुलीच्या आकारात दोन साखळ्या लावाव्यात आणि ट्रॉलीच्या दिव्यांसाठी वेगळा रिले बसवावा. ट्रॉलीत माणूस बसवू नये, मग पाणंद कितीही छोटी असो.

कागदपत्रांत सर्वप्रथम गाडीचे वय पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांसाठी नूतनीकरण असा खर्च येतो. निपाणी-चिकोडीकडची केए २३ क्रमांकाची गाडी स्वस्त मिळाली, तरी तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा कर धरून तिची किंमत मोजावी. कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर हस्तांतर स्वतः पूर्ण करून घ्यावे आणि विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. ट्रॉली हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे आणि तिची नोंदणी लागते. ट्रॅक्टरसाठी नोंदलेली ट्रॉली मोटारीला जोडता येईल असे गृहीत धरू नये. हूक आणि ट्रॉली या दोन्हींबाबत कोल्हापूरच्या आरटीओ कार्यालयात गाडी घेण्यापूर्वी लेखी विचारणा करावी.

ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा सौद्यात घालू नये. गाडी घरी आली की इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरेन्शियल यांचे तेल, कूलंट आणि ब्रेक ऑइल या पैशांतून एकदम बदलून घ्यावे. पहिली फेरी अर्ध्या मालाने करावी आणि ती करून आल्यावर हूकचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने आवळून पाहावेत.