पोस्टिंग 'हा'ला आली, तर

"पोस्टिंग कुठं आली?" आईनं विचारलं.
"हा."
"हा कोण?"
"हा म्हणजे गाव आहे गं. भूतानमध्ये."

नाशिकरोडच्या आमच्या स्वयंपाकघरात हे बोलणं झालं तेव्हा लग्नाला सात महिने झाले होते, आणि त्यातले जेमतेम अडीच महिने आम्ही दोघं एका छपराखाली होतो. आता तिकडची दोन वर्षं संपवून आम्ही देवळाली कॅम्पात परत आलोय, नवऱ्याचा स्कूल ऑफ आर्टिलरीत कोर्स आहे. (हे स्कूलसुद्धा आता पाकिस्तानात असलेल्या काकुलहून इकडं आलं. बदली इथं संस्थेलाही चुकलेली नाही.) वरच्या मजल्यावर एक नवं जोडपं राहतं. गेल्या आठवड्यात त्यांची ऑर्डर आली, तीही हाचीच. ती पोरगी वही-पेन घेऊन खाली आली आणि दोन तास बसली. तिला सांगितलं ते इथं लिहितेय, थोडं जास्त मोकळेपणानं.

आपलं सैन्य भूतानमध्ये काय करतं, हा प्रश्न भगूरच्या मामापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे विचारतील. उत्तर पाठ करून ठेवा. १९६२ पासून तिथं भारतीय सैन्याचं प्रशिक्षण पथक आहे, त्याला इम्ट्राट म्हणतात. ते भूतानच्या शाही सैन्याला प्रशिक्षण देतं आणि त्याचं मुख्यालय हा खोऱ्यात आहे. एवढंच सांगायचं. कोण किती, कुठं, कधी, हे मामालाही नाही आणि व्हॉट्सअॅपच्या स्टेटसलाही नाही. २०२० मध्ये सैन्यानं आपल्या लोकांना फेसबुकसकट ८९ अॅप काढून टाकायला लावली होती. नवऱ्याला नियम आहे म्हणजे आपल्यालाही आहे असंच धरून चाला.

आधी कागद. भारतीयांना भूतानमध्ये शिरायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. माझ्या मतदार ओळखपत्रावर माहेरचं नाव आणि नवऱ्याच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लग्नाच्या फौजेतल्या नोंदीत, सासरचं. पासपोर्ट काढू काढू म्हणत राहिलेला. हे लक्षात कधी आलं, तर काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगानं नाव-नंबर घालून झाल्यावर. नवरा एकटा गेला, मी दीड महिन्यानं. त्या दीड महिन्यात सासूबाईंनी एका शब्दानं टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हा लग्न झालं की विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्ट आणि नवऱ्याच्या कार्यालयातली नोंद, तिन्हीकडं नाव एकच आहे ना ते बघा. नाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न. पण एकीकडं बदलून दुसरीकडं न बदलणं हे सगळ्यात वाईट.

रस्ता लांब आहे. नाशिकरोडहून हावडा मेल, कोलकात्याहून रात्रीच्या गाडीनं हासीमारा, तिथून वीसेक किलोमीटरवर जयगाव. जयगावात एक कमान आहे. अलीकडं हॉर्न, चहाच्या टपऱ्या, माणसांवर माणसं. कमान ओलांडली की फुन्शोलिंग, आणि एकदम कुणी हॉर्न वाजवेनासं होतं. मग दिवसभर घाट. सीमा सडक संघटनेच्या दंतक प्रकल्पानं १९६१ पासून तिथले रस्ते बांधलेत, त्यामुळं वाटेत हिंदी पाट्या दिसतात आणि उगाच धीर येतो. गोळी घेऊन बसा. कसारा घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी दोन.

हा साधारण २,७०० मीटरवर आहे आणि आपलं नाशिक सहाशेच्या आसपास. या आकड्याचा अर्थ मला पहिल्या वरणानं शिकवला. तिथं पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं पातेल्यात डाळ दोन तास नुसती नाचत राहते. कुकरशिवाय संसार नाही. दोन न्या, आणि रिंगा चार. इडलीचं पीठ हिवाळ्यात फुगत नाही. आम्ही बुखारीजवळ, म्हणजे लाकडाच्या शेगडीजवळ, पातेलं शालीत गुंडाळून ठेवायचो. नवरा त्याला 'आपलं बाळ' म्हणायचा. बाजरीचं पीठ नेलं तर महिन्याभरात संपवा, कडू होतं. गोडा मसाला, कोकम, पोहे भरपूर न्या. तांदूळ नेऊ नका, तिथला लाल तांदूळ चांगला लागतो. आणि एमा दात्शी खाऊन बघाच. मिरची तिथं मसाला नाही, भाजी आहे. चीजमध्ये शिजवलेली अख्खी वाटीभर मिरची. ठेच्यावर वाढलेल्या माणसानंही पहिल्या घासाला नम्र व्हावं अशी.

पैशाचं सोपं आहे. भूतानचं न्गुलत्रुम आणि आपला रुपया सारख्याच किमतीचे, रुपयाही बाजारात घेतात. २०२१ पासून यूपीआयही सुरू झालंय, पण खोऱ्यातल्या छोट्या दुकानात रोखच बरी. खरी गंमत फोनची. भारतातलं सिम तिथं घरात रेंज पकडत नव्हतं आणि माझ्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर यायचा. निघण्याआधी शाखेत विचारलं तर "काही अडचण येणार नाही मॅडम" असं छातीठोक उत्तर मिळालं. आली. चार महिने मी माझ्याच खात्याला नुसती बाहेरून बघत होते. एक वेगळं खातं नवऱ्याबरोबर जोडून ठेवा, ईमेलवर ओटीपी येईल अशी सोय करा, आणि हे सगळं नाशिकमध्ये असतानाच करून, एकदा पैसे पाठवून बघून मगच निघा.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. फौजेत घर मिळतं, गॅस मिळतो, डॉक्टर मिळतो. हाला आपल्या सैन्याचं इस्पितळही आहे. दिवस मात्र मिळत नाही, तो आपला आपल्याला भरावा लागतो. नवरा सकाळी सहाला पीटीला जातो, आठला नाश्त्याला येतो आणि मग थेट दुपारी, किंवा आठवडाभर बाहेरच. मी कॉलेजरोडला एका क्लासमध्ये गणित शिकवायचे. दिवसाला चार बॅचेस, शंभर पोरं, घसा बसलेला. तिथून एकदम अशा घरात, जिथं अकरा वाजता खिडकीतून समोरच्या टेकडीवरच्या पताका फडफडताना बघणं हे दिवसाचं मोठं काम. पहिले पंधरा दिवस मधुचंद्र वाटतो. तिसऱ्या आठवड्यात मी कपाट चौथ्यांदा आवरलं आणि तो संध्याकाळी दारात आल्या आल्या, मोजे कुठं टाकलेस यावरून, इतकी भांडले की शेजारच्या मॅमनी दुसऱ्या दिवशी काही न विचारता मला चहाला बोलावलं.

परक्या गावात भांडून जायला जागा नसते, हे आधी कुणी सांगत नाही. नाशिकमध्ये रागावले तर मी माहेरी जायचे, रिक्षानं वीस मिनिटं. तिथं रागावून फार तर अंगणात जाता येतं, आणि जानेवारीत तिथं बर्फ असतो. दोन मिनिटांत परत आत. आम्ही शेवटी एक ठरवलं. तो घरी आल्यावर पहिला अर्धा तास कुणी तक्रार करायची नाही, त्यानंही नाही. मोडला जायचा हा नियम, पण होता.

त्या मॅमनीच मला दुसरं सांगितलं. "बेटा, नोकरी शोधू नकोस, काम शोध." दुसऱ्या देशात बसून पगारी नोकरी करायला परवानग्या लागतात, ऑनलाइन असली तरी. नवऱ्याच्या कार्यालयात विचारल्याशिवाय त्यात पडू नका. मी दोन गोष्टी केल्या. संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या सात मुलांना गणित शिकवायला लागले, फुकट. आणि आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात एम.कॉम.ला नाव घातलं. परीक्षेला नाशिकला यावं लागणार हे त्यातलं दुखणं होतं, पण खरं सांगायचं तर लालूचही तीच होती. वेळापत्रक आणि नवऱ्याची रजा कधीच जुळली नाही, दोन्ही वेळा एकटीच आले-गेले. दुसऱ्यांदा हासीमाराच्या फलाटावर रात्री ट्रंकेवर बसून कॉस्टिंग वाचताना लक्षात आलं, आपल्याला भीती वाटत नाहीये.

फौजी बायकांच्या जगाबद्दल बाहेर बरंच ऐकू येतं, की रँक बायकांनाही चिकटते वगैरे. चिकटते, थोडी. लेडीज मीटला साडी कुठली, वेळेच्या दहा मिनिटं आधी का जायचं, कुणाला मॅम म्हणायचं, हे दोन महिन्यांत येतं. त्याचा बाऊ करू नका. पण फक्त आपल्याच लोकांत बसू नका, तो खरा तोटा. बाजारात "कुझुझांगपो ला" म्हणून नमस्कार आणि "कादिंचे ला" म्हणून आभार मानायला लागल्यापासून भाजीवाल्या आजीनं मला हिशेबातले सुटे पैसे सोडून द्यायला सुरुवात केली. तिच्याच घरी हिवाळ्यात, लोंबाच्या सणाला, होएन्ते खाल्ले. कुट्टूच्या पिठाच्या पारीत पाला आणि चीज भरून उकडलेले, थेट करंजीच्या घडणीचे. मी गणपतीत तिला उकडीचे मोदक नेऊन दिले. तिनं आत बघितलं, गूळ-खोबरं दिसल्यावर चेहरा पडला. चीज नाही म्हणून.

गणपतीची मूर्ती आम्ही तिथल्याच मातीची केली. साताऱ्याचं एक कुटुंब होतं, कोल्हापूरचं एक. आरतीला झांजा नव्हत्या म्हणून स्टीलच्या ताटल्या. भूतानचं घड्याळ आपल्यापुढं अर्धा तास, त्यामुळं व्हिडिओ कॉलवर आमची आरती संपत आली की नाशिकची सुरू व्हायची आणि आई दोन्हीकडं टाळ्या वाजवायची. आईबाबांना मात्र तिकडं बोलवता आलं नाही. भारतीय पर्यटकांना २०२२ पासून माणशी एका रात्रीचे १,२०० रुपये भरावे लागतात. आपल्या घरच्यांना नेमका कोणता नियम लागतो हे आम्ही विचारेपर्यंत परतीची ऑर्डर आली. तुम्ही पोचल्याच्या पहिल्या महिन्यातच विचारा. आणि ते आलेच तर त्यांना पारोच्या वाटेवरच्या चेलेला खिंडीत लगेच नेऊ नका. जवळपास चार हजार मीटर आहे, आधी चार दिवस खोऱ्यात राहू द्या.

वरची पोरगी हे सगळं लिहून घेत होती. शेवटी वही मिटून म्हणाली, "ताई, आईनं पुरणयंत्र दिलंय. लोखंडी आहे, जड आहे. नेऊ का?"

मी तिला आमची ट्रंक उघडून दाखवली. नवऱ्याच्या हिवाळी बुटांच्या आत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, माझं अजून तिथंच होतं.