टर्मिनलच्या लॉगिन लाइन मांडताना या चुका टाळा

फ्रीबीएसडी या युनिक्स धर्तीच्या प्रणालीमधली /इटीसी/टीटीवायएस ही फाइल फार मोठी नसते आणि तिच्या साधेपणामुळेच ती हाताळताना पुरेशी काळजी घेतली जात नाही. कोणत्या टर्मिनलवर लॉगिनचा प्रॉम्प्ट उभा राहील, तो कोणत्या वेगाने बोलेल आणि रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, तिथून थेट आत येता येईल की नाही, हे सगळे याच फाइलीत ठरते. नेटवर्क कोसळले आणि एसएसएचची, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करण्याची, वाट बंद झाली, तर यंत्रापर्यंत पोहोचण्यासाठी बहुधा सिरियल लाइनच, म्हणजे सिरियल पोर्टला थेट केबल लावून केलेली जोडणीच, उरते. अनेक जण मात्र ही वाट चालते की नाही हे तिची गरज पडते त्याच दिवशी पहिल्यांदा तपासतात. गेल्या अनेक वर्षांत त्याच त्या चुका मी इतक्या वेळा निस्तरल्या आहेत की त्या एकदा नीट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. पुढे ‘लाइन’ म्हणजे टर्मिनलची लाइन आणि ‘ओळ’ म्हणजे फाइलीतली ओळ. नावे आणि कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; यंत्रावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या आहेत.

फाइलीतल्या प्रत्येक ओळीत आधी लाइनचे नाव येते, मग तिच्यावर चालवायची कमांड, मग टर्मिनलचा प्रकार आणि शेवटी ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘सिक्युअर’ यांसारखे स्थितिदर्शक शब्द. पहिल्या सिरियल पोर्टचे नाव टीटीवाययू० असते आणि त्याच्यापुढे अवतरणचिन्हांत गेटीची कमांड असते; गेटी म्हणजे लाइन उघडून तिच्यावर लॉगिनचा प्रॉम्प्ट दाखवणारा प्रोग्रॅम. ही अवतरणचिन्हे गाळू नयेत, कारण कमांडमध्ये मोकळी जागा असते आणि चिन्हे नसली की पुढचा प्रत्येक शब्द एकेक रकाना सरकतो.

इनिटला चुकीचा सिग्नल पाठवणे

फाइल बदलल्यावर ती पुन्हा वाचायला इनिटला सांगावे लागते. इनिट म्हणजे बाकीच्या प्रोसेस चालू करणारी क्रमांक १ ची प्रोसेस, आणि तिला एचयूपी सिग्नल पाठवायचा, म्हणजे ‘किल -एचयूपी १’ ही कमांड द्यायची, ही रूढ पद्धत आहे. या कमांडमधला मधला शब्द विसरला तर काय होते, ते मी जवळून पाहिले आहे.

एका ठिकाणी मी सर्व्हरांची देखभाल करत असताना नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याकडे एका यंत्रावर सिरियल लॉगिन सुरू करण्याचे काम दिले होते. त्याने ओळ अगदी अचूक लिहिली होती. मग घाईत त्याने ‘किल १’ एवढेच टंकले आणि एंटर दाबले. सिग्नलचे नाव दिले नाही तर किल ही कमांड टर्म हा सिग्नल पाठवते, आणि बीएसडीच्या इनिटला टर्म मिळाला की तो मल्टि-यूजर कामकाज गुंडाळून सिंगल-यूजर, म्हणजे फक्त कन्सोलवरून दुरुस्ती करण्यापुरत्या, अवस्थेत जातो. त्या क्षणी त्याचे एसएसएच तुटले, इतरांची सत्रे तुटली आणि डेटाबेससह सगळ्या सेवा बंद पडल्या. नेटवर्क गेले असावे असे समजून त्याने सिरियल केबल लॅपटॉपला लावली, पण तिच्यावरही एक अक्षर उमटेना, कारण कर्नलचा कन्सोल, म्हणजे यंत्राचे मुख्य टर्मिनल, सिरियल पोर्टवर नव्हता, तो व्हिडिओवर होता आणि सिंगल-यूजरचे शेल कन्सोलवरच उघडते.

मी मॉनिटर आणि कीबोर्ड घेऊन त्या खोलीत पोहोचलो तेव्हा तो वीज बंद करून यंत्र नव्याने सुरू करण्याच्या बेतात होता. मॉनिटर जोडल्यावर पडद्यावर एकच ओळ दिसली: रूटचा पासवर्ड द्या किंवा कंट्रोल-डी दाबून मल्टि-यूजरमध्ये जा. टीटीवायएस फाइलीतल्या कन्सोलच्या ओळीत ‘इनसिक्युअर’ लिहिलेले होते, म्हणून पासवर्डाची विचारणा होत होती. तो पासवर्ड आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता आणि त्याची गरजही नव्हती, कारण उपाय त्याच ओळीच्या उत्तरार्धात लिहिलेला होता. मी कंट्रोल-डी दाबले, सुरुवातीच्या स्क्रिप्टा पुन्हा चालल्या, सेवा एकेक करून उभ्या राहिल्या आणि त्याच्या लॅपटॉपवर सिरियल लाइनचा लॉगिन प्रॉम्प्टही आला. त्याने लिहिलेली ओळ पहिल्यापासून बरोबरच होती.

तेव्हापासून मी स्वतः ‘इनिट क्यू’ हीच कमांड वापरतो. तिचे काम तेच आहे, म्हणजे टीटीवायएस पुन्हा वाचणे, पण तिच्यात सिग्नल विसरण्याची सोयच नाही. ‘किल -१ १’ हे लघुरूप मी माझ्या हाताखालच्या कोणालाही वापरू देत नाही. एकसारखे दिसणारे दोन आकडे, त्यांच्यामधली एक मोकळी जागा आणि अलीकडचे एक उणे चिन्ह, एवढ्यावर चालत्या यंत्राचे भवितव्य सोपवणे मला पटत नाही. चार अक्षरे वाचवण्याची ही सवय ज्यांना कौशल्याची खूण वाटते, त्यांच्याशी मी या बाबतीत कधीही सहमत होणार नाही.

बदल केला, तरी काहीच बदलले नाही

फाइल पुन्हा वाचल्यावर इनिट काय करतो, हे माहीत नसल्यामुळे पुढची चूक घडते. जी लाइन ‘ऑफ’ होती आणि आता ‘ऑन’ आहे, तिच्यावर तो लगेच गेटी चालू करतो. जी लाइन ‘ऑफ’ केली आहे, तिच्यावरच्या सत्राला तो एचयूपी सिग्नल पाठवतो, म्हणजे ज्या लाइनवर बसून आपण फाइल संपादित करत आहोत तीच ‘ऑफ’ केली तर आपण बाहेर फेकले जातो. पण आधीपासून चालू असलेल्या लाइनची नुसती कमांड बदलली, उदाहरणार्थ ९६०० चा वेग काढून ११५२०० केला, तर तो बदल चालू सत्र संपल्यावरच लागू होतो. प्रॉम्प्ट दाखवून वाट पाहत बसलेली गेटी जुन्याच वेगाने बसून राहते. उतावळा माणूस इथे यंत्र रीबूट करतो, प्रॉम्प्ट नव्या वेगाने येतो आणि रीबूट हाच उपाय असल्याची त्याची समजूत कायमची पक्की होते. वास्तविक पीएस या कमांडने दिसणाऱ्या चालू प्रोसेसच्या यादीत त्या लाइनची गेटी शोधून, तिचा क्रमांक दोनदा पाहून, तेवढी एकच प्रोसेस बंद केली की इनिट नव्या कमांडसह दुसरी गेटी उभी करतो. माझी पद्धत अशी आहे की एका वेळी एकाच लाइनला हात लावायचा आणि काम संपेपर्यंत दुसऱ्या वाटेने घेतलेले एक रूट सत्र उघडे ठेवायचे.

तीन तारांची केबल आणि कॅरियरची वाट पाहणारी गेटी

सर्वाधिक तक्रारी या चुकीच्या असतात. ओळ बरोबर आहे, वेग बरोबर आहे, पीएसमध्ये गेटी दिसते, आणि तरीही पडदा कोरा राहतो. टीटीवाययू० हे आत येणाऱ्या जोडणीसाठीचे उपकरण आहे, आणि ते उघडताना पलीकडून कॅरियर डिटेक्टचा, म्हणजे जोडणी जिवंत असल्याचा, संकेत येईपर्यंत ‘एसटीडी.९६००’ सारख्या प्रकाराने चालवलेली गेटी थांबून राहते. मोडेमच्या काळात हे योग्यच होते, कारण पलीकडून फोन आल्याशिवाय प्रॉम्प्ट दाखवण्यात अर्थ नव्हता. आजच्या बहुतेक साध्या केबलींत मात्र तीनच तारा असतात: नऊ पिनांच्या जोडणीतल्या २ आणि ३ या पिना एकमेकींना उलटसुलट जोडलेल्या असतात आणि ५ ही ग्राउंड असते. कॅरियर डिटेक्टची १ क्रमांकाची पिन मोकळीच राहते, त्यामुळे गेटीची प्रतीक्षा कधी संपत नाही.

ही अवस्था ओळखण्याची खूण पीएसच्या यादीतच असते. गेटीच्या नोंदीत टर्मिनलच्या रकान्यात लाइनचे नाव दिसत नसेल, तर पोर्ट अजून उघडलेलाच नाही, असा त्याचा अर्थ होतो. पोर्ट उघडला असेल तर तिथे लाइनचे नाव येते. एवढे पाहायला दहा सेकंद लागतात, तरी लोक आधी तासभर वेग बदलत बसतात. वेग चुकला तर पडद्यावर चमत्कारिक अक्षरे येतात. पडदा पूर्ण कोरा असेल तर आधी तारा आणि कॅरियर तपासावेत, आणि प्रॉम्प्ट येऊनही टंकलेले पोहोचत नसेल तर फ्लो कंट्रोलकडे, म्हणजे डेटा थांबवण्या-सोडण्याच्या संकेतांकडे, किंवा तुटलेल्या एका तारेकडे पाहावे. तीन तारांच्या केबलीवर आरटीएस-सीटीएस फ्लो कंट्रोल चालू ठेवणे ही तर ठरलेली चूक आहे, कारण त्या दोन तारा केबलीत नसतातच.

उपाय म्हणून कमांडमध्ये ‘एसटीडी’ ऐवजी ‘३वायर’ हा प्रकार द्यावा, म्हणजे गेटी कॅरियरची वाट पाहत नाही. पुढे वेगाचा आकडा जोडला नाही तर ती पोर्टचा आहे तोच वेग कायम ठेवते, आणि सिरियल कन्सोलसाठी मी हेच पसंत करतो. पण यासोबत एक धोका येतो आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. कॅरियर असलेल्या लाइनवर केबल उपटली की सत्र संपते. ‘३वायर’ लाइनवर केबल उपटली तरी यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही, आणि रूटचे शेल उघडेच राहते; नंतर जो कोणी आपली केबल लावेल त्याला ते जसेच्या तसे मिळते. मी स्वतः असे उघडे शेल एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. म्हणून अशा लाइनवरून केबल काढण्यापूर्वी लॉगआउट केलेच पाहिजे, आणि शेलमध्ये निष्क्रियतेची मुदत लावून ठेवली पाहिजे. बॅशमध्ये टीएमआउट आणि टीसीएसएचमध्ये ऑटोलॉगआउट हे चल त्यासाठीच आहेत. ज्या यंत्राला पूर्ण तारांची नल-मोडेम केबल लावणे शक्य आहे तिथे ती लावून कॅरियर तपासू देणे केव्हाही चांगले.

‘सिक्युअर’ या शब्दाचा उलटा अर्थ

‘सिक्युअर’ लिहिल्याने लाइन सुरक्षित होत नाही. ती जागा आधीच सुरक्षित आहे असे आपण यंत्राला सांगतो आणि तिथून रूटला थेट लॉगिनची परवानगी देतो. बंद खोलीतल्या कन्सोलबाहेर कुठेही मी हा शब्द ठेवत नाही. आधी स्वतःच्या नावाने आत यावे आणि मग रूट होण्यासाठी एसयू ही कमांड वापरावी.

नको असलेली ओळ पुसून टाकू नये, ‘ऑफ’ करावी. सहा महिन्यांनी ती पुन्हा लागते आणि तेव्हा तिचे नेमके शब्द कोणालाच आठवत नाहीत.

दोन्ही टोकांना गेटी

दोन यंत्रे एकमेकांना सिरियल केबलने जोडून दोन्हीकडे लाइन ‘ऑन’ करणे, ही चूक अनुभवी माणसेही करतात. एका यंत्राचा प्रॉम्प्ट दुसऱ्याला कोणीतरी टंकलेले नाव वाटतो, ते पासवर्ड मागते, ती मागणी पहिल्याला नाव वाटते, आणि दोन्ही यंत्रे एकमेकांना नाकारत राहतात. फसलेल्या लॉगिनच्या नोंदींनी लॉग भरत जातो आणि पाहणाऱ्याला बाहेरून हल्ला झाल्यासारखे वाटते. ज्या बाजूने जोडणी करायची आहे तिथली लाइन ‘ऑफ’ ठेवावी आणि बाहेर जाणाऱ्या जोडणीसाठी असलेल्या सीयूएयू० या उपकरणावर सीयू हा टर्मिनल प्रोग्रॅम चालवावा. सीयूमधून बाहेर पडायला टंकलेल्या ओळीच्या सुरुवातीला टिल्ड (~) आणि पूर्णविराम द्यायचा असतो. पण आपण त्या यंत्रावर एसएसएचने आलो असू तर हीच जोडी एसएसएचच तोडते, म्हणून तिथे टिल्ड दोनदा द्यावे.

लिनक्सवर आलेल्यांसाठी

सिस्टमडी हा नवा इनिट असलेल्या यंत्रावर /इटीसी/इनिटटॅब संपादित करण्यात वेळ घालवू नये, कारण ती फाइल तिथे कोणी वाचतच नाही. जुन्या लेखांतून ओळ उचलून चिकटवणाऱ्यांना हे समजायला अर्धा दिवस लागतो. तिथे सिरियल-गेटी@टीटीवायएस०.सर्व्हिस हे युनिट चालू करावे लागते (इथे टीटीवायएस० हे लिनक्समधले पहिल्या सिरियल पोर्टचे नाव आहे, वरच्या फाइलीचे नव्हे), आणि कर्नलला ‘कन्सोल=टीटीवायएस०’ दिले असेल तर ते आपोआप उभे राहते. ‘कन्सोल=’ अनेकदा दिले असेल तर शेवटचे /डेव्ह/कन्सोल ठरते, त्यामुळे त्यांचा क्रम पाहावा. युनिटमधली कमांड बदलायची असेल तर मूळ फाइलीला हात न लावता ‘सिस्टमसीटीएल एडिट’ वापरावे, आणि नवी ‘एक्झेकस्टार्ट=’ लिहिण्याआधी एक रिकामी ‘एक्झेकस्टार्ट=’ द्यावी; ती दिली नाही तर एकाहून अधिक कमांड आहेत म्हणून युनिट नाकारले जाते.

सिस्टमडीआधीच्या जुन्या सिसव्ही इनिटवर चुकीची गेटी दोन मिनिटांत १० हून अधिक वेळा मरून पुन्हा उठली की इनिट ती नोंद पाच मिनिटे बंद ठेवतो. चूक दुरुस्त केल्यावर लगेच काही घडले नाही म्हणून बरोबर केलेली ओळ पुन्हा बिघडवणारे मी पाहिले आहेत. दुरुस्तीनंतर ‘टेलइनिट क्यू’ द्यावे, म्हणजे ती पाच मिनिटे थांबावे लागत नाही.

लॉगिन जमल्यावर व्हीआय हा संपादक उघडला की पडदा अर्धाच वापरला जातो, ही तक्रार हमखास येते. सिरियल लाइनवरून खिडकीचा आकार कळवला जात नाही, म्हणून तो हाताने सांगावा लागतो: ‘एसटीटीवाय रोज ५० कॉलम्स १३२’, किंवा आपल्या खिडकीत जे आकडे असतील ते. अक्षरे नुसती अस्ताव्यस्त पडत असतील तर फाइलीतला टर्मिनलचा प्रकार आणि आपण वापरत असलेले टर्मिनल जुळत नाही, असे समजावे. खात्री नसेल तर व्हीटी१०० ठेवावे.