कुत्र्याचा खोकला थांबत नाही? आधी या चुका टाळा

कुत्रा खोकतो, शेवटी ओकारी काढल्यासारखं करतो, थोडा पांढरा फेस टाकतो. लगेच घरात कुणीतरी म्हणतं, "हाड अडकलंय!" आणि जबडा उघडून बोटं घातली जातात. असा कोरडा, भोंग्यासारखा ठसका बरेचदा केनेल कफचा, म्हणजे कुत्र्यांमधल्या संसर्गजन्य खोकल्याचा असतो. बोटांनी घसा सोलवटतो, वर चावा बसतो तो वेगळाच. खरंच काही अडकलं असेल तर कुत्रा तोंडावर पंजे मारतो, लाळ गाळतो, घुसमटतो. तेव्हा थेट दवाखाना गाठा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे आपलं कफ सिरप पाजणं. "चमचाभरच तर दिलं" हे कारण चालत नाही. त्यात पॅरासिटामॉल किंवा सर्दीचं औषध असू शकतं. साखरविरहित सिरपमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलं तर कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने घसरते, यकृतालाही इजा होते. शिवाय खोकला ओला असेल तर तो दाबल्याने कफ आतच साचतो.

केनेल कफ साधारण एक ते तीन आठवड्यांत ओसरतो. (लस घेतलेल्या कुत्र्यालाही तो होतो, फक्त बहुधा सौम्य.) त्यापुढेही खोकला चालूच असेल तर "हवा बदलली असेल" म्हणत दिवस काढू नका. लहान जातीचा म्हातारा कुत्रा रात्री किंवा पडल्यावर जास्त खोकत असेल तर हृदयाची झडप तपासायला हवी. डासांमुळे होणारा हार्टवर्म (हृदय-फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत वाढणारा जंत) असाच खोकला आणतो. पॉमेरेनियन, यॉर्कशायर यांची श्वासनलिका दबण्याची शक्यता असते. पट्टा ओढला की उबळ येते. अशांना गळ्यात पट्टा नकोच, हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घाला. वजन वाढलं असेल तर तेही उतरवा, कारण गोळ्यांइतकाच फरक त्याने पडतो असं माझं मत.

कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास, असे तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या वर आकडा वारंवार येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हिरड्या निळसर दिसल्या किंवा कुत्रा कोसळला तर मोजत बसू नका, ताबडतोब निघा.

आणि मोबाइलवर उबळीचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्याच्या टेबलावर हे महाशय हमखास गप्प बसतात. नाकाने जोरात हवा आत ओढणारी उलटी शिंकही पुष्कळांना खोकलाच वाटते. व्हिडिओ पाहिला की डॉक्टरांना फरक लगेच कळतो.