भरतकामात छोटी फुलं हाताने भरायला शिकताय? पळसापासून सुरू करा

नवीन शिकणाऱ्यांना मी आधी हेच सांगते की मोठा गुलाब नका घेऊ, एक इंचाच्या आतलं फूल घ्या, आणि तेही नेटवरचं ट्युलिप नाही तर आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात दिसतं ते. नागपूरच्या बाहेर कोणत्याही रस्त्याला लागा, पळस दिसतोच. खाली पडलेलं एक फूल उचला आणि नीट बघा, पाकळ्या पाच पण सगळ्या सारख्या नाहीत, आणि फूल चोचीसारखं वाकलेलं, म्हणून लेझी डेझीच्या, म्हणजे साखळीच्या एकेक सुट्या टाक्याच्या, पाच पाकळ्या गोल बसवल्या की तो पळस होतच नाही, रंग कितीही बरोबर असू द्या. त्याला सॅटिन स्टिचच पाहिजे, म्हणजे एकमेकांना चिकटून घातलेले सपाट टाके, दोन पदरी केशरी दोरा, टाके टोकाकडून देठाकडे तिरपे उतरत आणायचे. देठाजवळची ती काळपट मखमली वाटी एका पदराने गच्च भरा, खरा पळस तिथे उमटतो. आणि हिरवा दोरा काढूच नका, पळस भरात असतो तेव्हा झाडाला पानं नसतातच जवळजवळ.

आंब्याचा मोहोर वेगळा. स्टेम स्टिचने, म्हणजे दोरीसारखी रेघ देणाऱ्या टाक्याने, बारीक फांद्या काढायच्या आणि वर गाठीचे टाके, एका पदराचे, सुईला एकच वेढा, फिकट पिवळे आणि मधेमधे थोडे गुलाबीसर. कडुलिंबाच्या फुलाला मात्र लेझी डेझी छान शोभते, पांढरा एक पदर, मधे पिवळसर ठिपका, फक्त कापड रंगीत घ्या.

सामान फार लागत नाही. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापड बाजारात साधं कॅम्ब्रिक (बारीक विणीचं सुती कापड) किंवा मांजरपाट घ्या, आधी धुऊन घ्या म्हणजे नंतर आटणार नाही, आणि कापड ताणून धरायला पाच इंची रिंग. लडीतला दोरा सहा पदरी असतो, पदर एकेक करून ओढायचे आणि मग पाहिजे तेवढे जोडायचे, दोन एकदम ओढले की गुंता ठरलेला. लांबी 45 सेंटिमीटरच्या वर नको, कापडातून ये-जा करून दोऱ्याची चमक जाते. सुई 9 किंवा 10 नंबरची, नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. एप्रिल लागला की घामाच्या हाताने पांढरा दोरा मळतो, त्यामुळे पांढरी फुलं सकाळी उरकून घ्या. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनने डिझाईन काढलं असेल तर धुवायच्या आधी इस्त्री अजिबात फिरवू नका, उष्णतेने ती शाई पक्की बसते.

ऑर्डर घ्यायच्या असतील तर प्रत्येक फुलाला लागलेला वेळ लिहून ठेवा. "इवलंसं फूल तर आहे, काहून एवढे पैसे?" असं विचारणारे भेटतातच, तेव्हा तो हिशोब कामाला येतो. गाठींचा मोहोर दिसायला किरकोळ पण सॅटिनच्या पळसापेक्षा जास्त वेळ खातो, त्यामुळे फुलाच्या साईजवर रेट कधीच ठरवू नका, आणि मशीनच्या भावाशी तर हाताचं काम तोलूच नका, माझं हे ठाम मत आहे. ब्लाऊजच्या बाहीवर काम असेल तर कापड कापायच्या आधीच टेलरकडून बाहीचं मार्किंग करून आणा, नाहीतर फूल शिलाईत जातं. आणि पांढऱ्या कापडावर केशरी टाका घालायच्या आधी तो दोरा ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबून बघा, रंग सोडत असेल तर दुसरी लडी घ्या.