ड्रमला माईक लावताना या चुका टाळा

"सर, स्नेअर पातळ येतोय, कोणता माईक घेऊ?" नाशिकमधल्या नव्या बँडच्या पोरांचा हा ठरलेला प्रश्न. (स्नेअर म्हणजे ड्रमसेटमधला ड्रमरच्या समोरचा, करकरीत आवाजाचा ड्रम.) नवा माईक घेऊ नका, आधी मोजपट्टी आणा. शुअरचा एसएम ५७ हा १९६५ पासून बाजारात आहे आणि स्नेअरसाठी आजही पुरतो. गडबड बहुतेक वेळा माईकच्या जागेत असते.

सगळ्यात जास्त नुकसान ओव्हरहेडच्या, म्हणजे ड्रमसेटच्या वर टांगलेल्या दोन माईकच्या, अंतरामुळे होतं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. स्नेअरपासून डावा ओव्हरहेड ८० सेंटीमीटरवर आणि उजवा ११४ वर टांगला, तर एकच ठोका दोघांत एक मिलिसेकंद मागेपुढे पोचतो. हे दोन ट्रॅक मोनोत, म्हणजे डावं-उजवं एकच करून, एकत्र आले की ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ अशा ठिकाणी खड्डे पडतात, म्हणजे तिथला आवाज गळतो. हेडफोनमध्ये डावा-उजवा वेगवेगळा ऐकू येतो, म्हणून तिथे कळत नाही. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावलं की स्नेअर बसलेला वाटतो.

गंगापूर रोडच्या एका बँडने स्वतः रेकॉर्ड केलेलं गाणं माझ्याकडे मिक्सिंगला आणलं होतं. आठ माईक, ड्रमर तयारीचा, चालही सुरेख. नुसता स्नेअरचा ट्रॅक लावला तर भरदार, ओव्हरहेड उघडले की त्याचं पोट रिकामं. त्यांनी इक्यूवर (आवाजातला खालचा-वरचा भाग कमीजास्त करायचं साधन) २०० हर्ट्झ वाढवत नेला होता, तरी फरक नाही. दोघे गिटारवाले "भारी कंडेन्सर माईक भाड्याने आणायला हवा होता" यावर वाद घालत बसलेले. मी दोन्ही वेव्हफॉर्म मोठ्या करून एकाखाली एक ठेवल्या. स्नेअरच्या माईकमधली लाट वर असताना ओव्हरहेडमधली खाली. ओव्हरहेड स्नेअरच्या माईकपेक्षा सुमारे ८५ सेंटीमीटर दूर होता, म्हणजे अडीच मिलिसेकंद उशीर, म्हणजे २०० हर्ट्झच्या लाटेचा अर्धा फेरा. स्नेअरचं अंग जिथे असतं, नेमके तिथेच दोन ट्रॅक एकमेकांना खात होते. ओव्हरहेडची पोलॅरिटी उलटवली, म्हणजे लाटेची वरची बाजू खाली केली, तर पोट आलं, पण किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) गेली. शेवटी फक्त स्नेअरचा ट्रॅक उलटवला आणि तो जुळला. डाव्या-उजव्या ओव्हरहेडमधला फरक मात्र राहिलाच. ट्रॅक सरकवून स्नेअर जुळवला की टॉमची (बाकीच्या ड्रमची) वेळ हलते, म्हणून हे काम रेकॉर्डिंगच्या आधीच व्हायला हवं.

मी त्यासाठी दोरी वापरतो. एक टोक स्नेअरच्या मधोमध धरायचं, पहिल्या ओव्हरहेडपर्यंत ताणून गाठ मारायची, त्याच गाठीवर दुसरा ओव्हरहेड आणायचा. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांची मोजक्या माईकची प्रसिद्ध पद्धतही याच समान अंतरावर उभी आहे. मग ड्रमरला साधा ठेका धरायला सांगून मोनोत ऐकायचं, एकेका माईकची पोलॅरिटी उलटसुलट करून बघायची आणि ज्यात आवाजाला अंग येईल ती ठेवायची. पोरांना एवढाही धीर नसतो, "मिक्समध्ये बघू" म्हणतात. मिक्समध्ये मग मीच बघत बसतो.

दुसरा त्रास खोलीचा. आपल्याकडे बँडची प्रॅक्टिस बहुधा फ्लॅटच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या रूममध्ये चालते. खाली गुळगुळीत फरशी, डोक्यावर स्लॅब, भिंती उघड्या. अशा खोलीत "सिंबल छान यावेत" म्हणून ओव्हरहेड उंच नेला की तो स्लॅबच्या जवळ जातो आणि थेट आवाजापाठोपाठ स्लॅबवरून उसळलेला आवाजही घेतो. सिंबल चिरके येतात ते त्यामुळे. ओव्हरहेड खाली घ्या, किटखाली जाड सतरंजी अंथरा आणि जमेल तर माईकच्या वर स्लॅबला कापसाची गादी बांधा. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून काही होत नाही, ते काढून टाका.

स्नेअरचा माईक रिमच्या (ड्रमच्या कडेच्या कड्याच्या) दोन-तीन बोटं वर, तोंड स्किनच्या (ड्रमच्या पडद्याच्या) मध्याकडे आणि पाठ हायहॅटकडे (पायाने उघडझाप होणाऱ्या सिंबलच्या जोडीकडे). कार्डिऑइड माईकला (एसएम ५७ सारख्या, समोरचं जास्त ऐकणाऱ्या) पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, त्याचा फायदा घ्या. एवढं केलंत की हायहॅटला वेगळा माईक लागतच नाही.

किकच्या आत बीटरजवळ (पॅडलच्या ठोका मारणाऱ्या टोकाजवळ) माईक ठेवला तर टकटक जास्त, पुढच्या स्किनच्या भोकापाशी ठेवला तर दम जास्त.

पंखा बंद करा.

गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, ड्रमर हळू वाजवत असताना लावू नका. तो गाण्यात मारतो तसा मारायला लावा आणि मीटरवरचं शिखर उणे १० डीबीच्या आसपास ठेवा. प्रत्यक्ष रेकॉर्डिंगमध्ये हात आणखी सुटतो.

जुनी, खड्डे पडलेली स्किन असेल तर रेकॉर्डिंगची तारीख पुढे ढकला. ट्यूनिंगचा कंटाळा करणाऱ्यांना माझ्याकडे वेळ नाही.

स्नेअरला खालूनही माईक लावलात तर त्याची पोलॅरिटी उलटवा. वरून ठोका पडला की दोन्ही स्किन खाली जातात. वरच्या माईकपासून स्किन लांब जाते, खालच्याच्या जवळ येते. नाशिक ढोल रेकॉर्ड करणाऱ्यांनीही हे तपासावं. दोन्ही बाजूंच्या पानांना समोरासमोर माईक लावून "ढोलाचा घुमारा येत नाही" अशी तक्रार येते, तेव्हा मी आधी एका पानाचा माईक उलटवून ऐकतो.